वावरात जायच्या आदल्या संध्याकाळी

संध्याकाळी फवारणीच्या पंपात साधं पाणी भरायचं, झाकण आवळायचं आणि पंप कोरड्या फरशीवर आडवा ठेवून झोपायचं. सकाळी फरशी ओली दिसली तर तो पंप त्या दिवशी कोणाच्याही पाठीवर चढत नाही, मालक कितीही घाईत असो. माझ्या टोळीतला हा पहिला नियम. तो मला शहाणपणातून सुचलेला नाही. एका सप्टेंबरात झाकणाचं वायसर गेलेला पंप दिवसभर पाठीवर वागवला. कमरेखाली पँट भिजली, मला वाटलं घाम आहे, आणि मी पंपावर पंप मारत राहिलो. संध्याकाळी गोठ्यात एका बैलाचे दोन दिसायला लागले. पुढचे सहा दिवस सरकारी दवाखान्याच्या खाटेवर काढले. त्यानंतर जे शिकलो ते थोडं डॉक्टरांकडून, थोडं एका सिस्टरकडून आणि बरंचसं लोकांना उचलून नेता नेता.

मी पश्चिम विदर्भातला. कपाशी, सोयाबीन, तूर. आधी रोजानं फवारायचो, आता सहा जणांची टोळी घेऊन कामं घेतो. आमच्याकडे पैसे पंपामागे मिळतात, म्हणजे जो थांबला त्याचं नुकसान. हातमोजे चढवायला, तोंड धुवायला, वारा फिरला म्हणून धुऱ्यावर (बांधावर) बसायला कोणी पैसे देत नाही. त्यामुळे वावरात उभं राहून 'जपून रे' म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. पंप पाठीवर चढला की डोकं फक्त पंप मोजतं. जे ठरवायचं ते आदल्या संध्याकाळी, घरी, पोट भरलेलं असताना ठरवायचं. फवारणीच्या औषधाचं तसंच, वावरात चावणाऱ्या सापाचंही तसंच.

आणि आपण फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतो, तिथूनच गडबड सुरू होते.

डबा हातात आला की आधी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण शोधा. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे. हा रंग तोंडावाटे किंवा कातडीवाटे विष किती लवकर मारतं त्यावर ठरतो. डोळ्यांची आग, वर्षानुवर्षांचा त्रास हे त्या रंगात दिसत नाही. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं. डॉक्टरला तेच लागतं. मी रात्रीच प्रत्येक डब्याच्या लेबलचे दोन फोटो काढतो, एक पुढचा, एक मागचा, आणि टोळीतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवतो. डबा वावरात सांडला, लेबल भिजलं, तरी फोटो राहतो. डब्यासोबत माहितीपत्रक येतं, त्यात विषबाधेची लक्षणं आणि उतारा लिहिलेला असतो. ते फेकू नका. मराठीत असतं, पण मुंगीच्या अक्षरात. पोराला वाचायला सांगा.

दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची पद्धत आहे, वर एखादं टॉनिक. दुकानदार सांगतो, मालक आणतो, पाठीवर आपल्या येतं. अशा मिश्रणाचा माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टरलाही कळत नाही कशाकशाशी झुंजायचं. मी मालकाला सरळ सांगतो, एका पंपात एकच औषध. काही मालक तोंड वाकडं करतात. तेवढी कामं गेलेली चालतात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, लोक जहाल औषधं एकात एक मिसळत होते आणि जोरात फवारणारे नवे पंप आले होते. पऱ्हाटी कमरेएवढी असते तेव्हा फवारा पायावर पडतो, डोक्याएवढी झाली की तो तोंडावर येतो. म्हणून माझ्या टोळीचा दुसरा नियम: पीक छातीच्या वर गेलं की आम्ही पाठीवरचा पंप घेऊन आत शिरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण फवारताना नसतो, तो डबा उघडून माप घेताना असतो, कारण तेव्हा विषात पाण्याचा थेंब मिसळलेला नसतो. आणि नेमकं तेच काम लोक उघड्या हातानं करतात, बकेटीत कोपरापर्यंत हात घालून ढवळतात. काठी वापरा. हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे घ्या; सुताचे मोजे विष पिऊन घेतात आणि दिवसभर हाताला चिकटून बसतात. फवारा खाली मारायचा असेल तर शर्टाची बाही मोज्यावरून बाहेर काढा. वर मारायचा असेल तर बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे जात नाही.

तोंडाला ओला रुमाल बांधणं सर्वांत वाईट. अर्ध्या तासात तो विषाची पट्टी होऊन नाकावर बसतो. पूर्ण किट मिळालं तर घाला, पण मी खोटं बोलणार नाही, ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून दहानंतर माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून काम सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत थांबायचं. घामानं कातडी ओली झाली, गरम झाली, की विष जास्त आत जातं. किट नसेल तर निदान पूर्ण बाहीचा जाड शर्ट, पूर्ण पँट, गमबूट (पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचलेली नाही), चष्मा, आणि पंप व पाठ यांच्यामध्ये मेणकापड. मेणकापडाचा खर्च नाहीसारखा आहे आणि मला त्या सप्टेंबरात तेवढंच पुरलं असतं.

चालायचं कसं हेही कोणी शिकवत नाही. बहुतेक जण पुढे फवारतात आणि मग त्याच ओल्या पानांत शिरतात, मांड्या भिजतात. वारा आडवा घ्या, नळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला धरा आणि प्रत्येक फेरीला पिकाच्या कोरड्या ओळीत सरका, ओलं मागं ठेवा. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. एक जास्तीचं नोझल आणि जुना टूथब्रश खिशात ठेवा. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) घरी ठेवून या. हे मला रोज सांगावं लागतं आणि रोज एकाच्या खिशात निघतो. हाताला विष, हातानं खर्रा चोळला, खर्रा गालात. यापेक्षा सरळ रस्ता विषाला मिळत नाही.

टोळीचा हिशोब करताना बायका सुटून जातात. पाणी भरणारी बाई दिवसभर त्या टाकीजवळ उभी असते, साडीत, उघड्या पायांनी, तिला किट कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदणाला बायका उतरतात. आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुणारीही तीच. पाणी भरणारीला मोजे आणि बूट द्या, गरोदर बाईला या कामावर आणू नका, फवारलेल्या वावरात लेबलवर लिहिलेला वेळ होईपर्यंत कोणाला उतरवू नका, आणि फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून, ज्यानं फवारलं त्यानंच धुवावेत. शेवटचं वाक्य आमच्या गावात फार लोकप्रिय नाही.

रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच टाका, मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडा. भोक पाडलेल्या डब्यात कोणी तेल भरत नाही. २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुलं गेली, त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. आणि तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत काढून कधीच ठेवू नका. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही. घोटभरही पुरतो.

माणसाला विष लागलं हे कसं ओळखायचं? पहिली लक्षणं उन्हाच्या थकव्यासारखीच असतात: डोकं दुखणं, मळमळ, घाम, अंधुक दिसणं. म्हणून टोळीत एकमेकांना बोलतं ठेवा. तोंडाला पाणी सुटू लागलं, डोळ्यांतून पाणी, उलटी, पोटात पीळ, मांडीचे किंवा पापणीचे स्नायू आपोआप फुरफुरू लागले, तर काम संपलं. आधी त्याला फवाऱ्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. स्वतः मोजे घालून त्याचे सगळे कपडे काढा, सगळे. लाज नंतर. साबण आणि भरपूर पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा, केस, नखं, कानामागं, जांघा. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार. म्हणून धुऱ्यावर दोन कॅन पाणी आणि साबण आधीच असायला हवा, विहिरीवर जाऊन आणू म्हणायची ती वेळ नसते. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, ताक, काहीही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते फुप्फुसात जातं. दारूनं विष उतरतं असं सांगणारा एक तरी असतो, त्याला पाणी आणायला पाठवा. डाव्या कुशीवर झोपवा आणि निघा.

आता साप.

आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस अंगावर साखळीसारखे टिपके असलेली, जाड, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते आणि लोक तिला अजगराचं पिल्लू समजून काठीनं ढोसतात. मण्यार काळी चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेक रात्री फिरणारी. पण ओळखण्यावर फार वेळ घालवू नका. या चौघांवर मिळणारं इंजेक्शन एकच असतं, साप मारून सोबत नेल्यानं ते बदलत नाही. मेलेल्या सापाचं तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. दुरून फोटो निघाला तर ठीक.

चावे बहुतेक पायाला आणि हाताला, आणि ठरलेल्या कामांत. निंदताना गवताच्या झुबक्यात हात घालण्याआधी काठीनं हलवा. सोयाबीनचे कापून पडलेले ढीग थेट कवेत उचलू नका, आधी दाताळ्यानं उलटवा. खाली घोणस वेटोळं घालून बसलेली मी तीनदा पाहिली आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, कुटार घराच्या भिंतीला लावून रचू नका, तिथं उंदीर येतात आणि उंदरामागं तो येतो. वीज रात्रीची असते म्हणून मोटर सुरू करायला अंधारात जावं लागतं, तेव्हा गमबूट आणि टॉर्च. मोबाइलचा उजेड पायापुढं पडत नाही, तो तोंडावर पडतो.

जागलीला, म्हणजे रात्री वावर राखायला, जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती मोठी आहे. जमिनीवर झोपू नका. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, कधी कधी दातांची खूणही दिसत नाही. माझी वहिनी पहाटे उठली ती पोट दुखतंय म्हणत. घरच्यांनी ओवा दिला. तासाभरात पापण्या मिटायला लागल्या, तिला वाटलं झोप येतेय, मग बोलणं जड झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं नुसतं डोळ्यांकडे बघून विचारलं, 'खाली झोपली होती का?' ती वाचली, नऊ दिवस श्वासाच्या मशीनवर राहून. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढंच पाहिजे होतं.

चावल्यावर काय करायचं. सापापासून बाजूला व्हा. माणसाला बसवा किंवा आडवा करा, धीर द्या, आणि त्याला चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष पुढं सरकतं. अंगठी, जोडवी, पैंजण, कडं, काळा दोरा, बांगड्या लगेच काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. हात किंवा पाय दोन तुराट्या लावून सैलसर बांधा, मोडलेलं हाड बांधतात तसं. आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, जडीबुटी नाही. कोणी आधीच आवळून बांधलं असेल तर रस्त्यात फाडकन सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरसमोर सुटू द्या. पेनानं सुजेच्या कडेला रेघ मारून वेळ लिहा. डॉक्टरला तेवढ्यावरून वेग कळतो.

मोटारसायकलवर न्यायचं तर त्याला मधे बसवा, मागं धरणारा एक. १०८ ला फोन लावा, पण गाडी पोहोचायला वेळ लागणार असेल तर अर्ध्या वाटेवर भेटायचं ठरवा. वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र ओलांडून थेट जिल्ह्याला पळू नका. इंजेक्शन तिथं असेल तर पहिला डोस तिथंच मिळू द्या आणि मग पुढं जा. म्हणून हे आधी माहीत हवं. पावसाळा सुरू होताना मी स्वतः जाऊन विचारून येतो: सापाचं इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वासाची मशीन सर्वांत जवळ कुठं. उत्तरं दारामागं खडूनं लिहिलेली आहेत.

मांत्रिकाबद्दल माझं भांडण नाही, गणित आहे. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ती माणसं मांत्रिकाकडे बरी होतात, कारण ती कुठंही बरी झाली असती. उरलेली माणसं आपली गोष्ट सांगायला मागं उरत नाहीत.

दवाखान्यात एका काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. ती वीस मिनिटं नातेवाइकांना वाया गेल्यासारखी वाटतात, आरडाओरडा होतो. तो करू नका. नळी हलवायला तर अजिबात सांगू नका. लहान पोरालाही मोठ्याएवढाच डोस देतात, कारण सापानं वजन बघून विष सोडलेलं नसतं. इंजेक्शननं अंगावर गांधी उठू शकतात, दम लागू शकतो, डॉक्टरांना त्याची तयारी असते. लक्षणं नसली तरी चोवीस तास दवाखाना सोडू नका. घोणशीच्या रुग्णाची लघवी किती होते, कुठल्या रंगाची होते, हे घरच्यांनी बघत राहायचं. कमी झाली किंवा गडद झाली की लगेच सांगायचं, मूत्रपिंडाचा प्रश्न असतो.

खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा फवारलेल्या वावरात माणूस कोसळलेला सापडतो आणि कोणी काही पाहिलेलं नसतं. साप की औषध? तोंडातून लाळ दोन्हीत येऊ शकते. नाग-मण्यारीत ती गिळता येत नाही म्हणून साचते, औषधात ती मुळातच जास्त सुटते. फरक डोळ्यांत बघा. फवारणीच्या जुन्या जहाल औषधांत, म्हणजे मोनोक्रोटोफॉसच्या जातीत, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, अंग घामानं निथळतं, स्नायू फुरफुरतात. नाग-मण्यारीत पापण्या खाली येतात, मान धरवत नाही, घाम तेवढा नाही. हे आपण डॉक्टर होण्यासाठी नाही, दवाखान्यात 'दोन्ही शक्यता आहेत, फवारणी चालू होती' एवढं वाक्य बोलता यावं म्हणून. ते वाक्य कोणी बोलत नाही आणि तास जातो.

मोनोक्रोटोफॉसच्या जातीच्या विषबाधेत रुग्णाला उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. त्यानं तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, माणूस बडबडतो, सलाइनची नळी ओढतो. मी म्हणे रात्रभर नर्सला पंपाचे पैसे मागत होतो. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. तो उताऱ्याचा परिणाम असतो, उतरतो. जास्त धोक्याची चूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. माणूस बरा दिसतो, शेतीचे दिवस असतात, घरचे सुट्टी मागतात. नेमकं एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. रोज सकाळी त्याला उशीवरून मान उचलून दाखवायला सांगा. उचलता येत नसेल तर धावत जाऊन सिस्टरला सांगा.

शेवटी कागद. केसपेपरवर 'सर्पदंश' किंवा 'कीटकनाशकाची विषबाधा, फवारणी करताना' असं स्पष्ट लिहून घ्या, पोलिसांत नोंद होऊ द्या, सगळ्या कागदांचे फोटो ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन्ही बसतात आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याचं नाव बहुधा सातबाऱ्यावर नसतं. हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक ग्रामसभेत बोलतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायचं लिहिलं आहे. त्यामुळे काम ठरवतानाच मी मालकाकडून तोंडी नाही, चिठ्ठीवर चार गोष्टी घेतो: मोजे, साबण, धुऱ्यावर दोन कॅन पाणी, आणि वावराजवळ उभी असलेली एक मोटारसायकल. चावी गाडीलाच, आणि पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरलेलं.